पांढरी एक, काळी चार, पांढरी तीन

वाद्यदुरुस्ती लेखमाला : भाग ५

६१ पट्ट्यांच्या जुन्या कीबोर्डवर डावीकडच्या टोकाची पांढरी एक दाबली, आवाज नाही. पुढच्या सात पट्ट्या व्यवस्थित वाजतात, मग काळी चार मुकी. पुन्हा सात ठीक, आणि वरच्या सप्तकातली पांढरी तीन मुकी. त्यापुढे सात सोडून परत पांढरी एक. असा सगळा कीबोर्ड तपासला तर आठ पट्ट्या बंद निघतात आणि दोन बंद पट्ट्यांमधले अंतर कुठेही बदलत नाही. झिजून किंवा धुळीने बंद पडणाऱ्या पट्ट्या अशा हिशेबाने पडत नाहीत. हा नमुना दिसला की आतली एकच रेषा तुटली आहे असे धरून चालावे, आणि पहिला संशय फ्लेक्सवर घ्यावा.

गेल्या आठवड्यात आपण पॉवर सप्लाय पाहिला. या आठवड्यात फ्लेक्स, म्हणजे पट्ट्यांखालचा बोर्ड आणि मुख्य बोर्ड यांना जोडणारा तो पातळ, वाकणारा पट्टा. त्याच्या पोटात शेजारी शेजारी दहा-वीस बारीक वाहक रेषा असतात. वाद्यातला सर्वांत स्वस्त भाग म्हणावा असा हा पट्टा, पण तो गेला की चांगले चांगले कारागीर "बोर्ड गेला" असे सांगून मोकळे होतात. हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि त्यापायी चांगली वाद्ये भंगारात जातात. म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे हा बिघाड का बळावतो ते आधी पाहू. नांदेड-लातूरकडच्या ऑर्केस्ट्रा आणि भीमगीत पार्ट्यांचा हंगाम नेमका कडक उन्हात येतो. १४ एप्रिलच्या आसपासचे कार्यक्रम आणि एप्रिल-मेची लग्नसराई, पारा चाळिशीच्या वर, आणि वाद्ये बंद टेम्पोत. लोहा-अहमदपूरमार्गे नांदेडहून लातूर गाठेपर्यंत आतला पट्टा सतत थरथरतो. हिवाळ्यात माळेगावची यात्रा, म्हणजे उघडे मैदान आणि बारीक धूळ. पावसाळ्यात, गणेशोत्सवाच्या सुमाराला, हवेतली ओल कनेक्टरच्या पत्र्यावर गंज चढवते. फ्लेक्स वाकण्यासाठी बनलेला असला तरी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकला की तिथले तांबे कडक होते आणि तडकते. ही जागा बहुधा कनेक्टरच्या तोंडाशी असते, जिथे मोकळा पट्टा संपून घट्ट पकड सुरू होते.

वाद्यांचे वयही लक्षात घ्या. वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची वाद्ये वापरून दहा रागांची डिस्को ठेक्यावरची तबकडी केली ती १९८२ ची. यामाहाचा डीएक्स७ आला १९८३ मध्ये, रोलँडचा डी-५० १९८७ मध्ये, कोर्गचा एम१ १९८८ मध्ये. ऑर्केस्ट्रावाल्यांचा लाडका रोलँड एक्सपी-८० १९९६ चा. यांतला सर्वांत तरुणसुद्धा तिशीकडे झुकला आहे किंवा ती ओलांडून गेला आहे. कंपनीकडून सुटा फ्लेक्स मिळण्याची आशा धरू नये. जे आहे तेच सांधायचे.

आता आठाचे कोडे. ६१ पट्ट्या, आणि जोर ओळखणाऱ्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क, म्हणजे १२२ संपर्क. प्रत्येकाला स्वतंत्र तार दिली तर १२२ तारांचा जुडगा होईल. म्हणून उभ्या-आडव्या रेषांची जाळी करतात. एका बाजूने ८ आणि दुसऱ्या बाजूने १६ रेषा घेतल्या की १२८ छेद मिळतात. २४ रेषांत काम भागते. वाद्यातला प्रोसेसर सेकंदात शेकडो वेळा या रेषा एकामागून एक तपासतो आणि कोणत्या छेदावर संपर्क झाला ते पाहतो.

या जाळीमुळेच बंद पट्ट्या आपल्याला तुटलेल्या रेषेचा पत्ता सांगतात. आठातली एक रेषा तुटली तर दर आठवी पट्टी जाते. गटाची रेषा तुटली तर सलग आठ पट्ट्या जातात. एखादीच पट्टी बंद असेल तर फ्लेक्सकडे बघूही नका, तिथल्या संपर्काचा कार्बन मळला आहे किंवा गेला आहे. काही वाद्यांत गट आठाऐवजी वेगळ्या संख्येचे असतात, पण तर्क हाच लागू पडतो. कागदावर पाच सप्तकांच्या पट्ट्या आखा आणि बंद पट्ट्यांवर फुल्या मारा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हा कागद तयार हवा.

दोन संपर्कांचे कारणही इथेच सांगतो, कारण त्यातून आणखी एक खूण मिळते. पट्टी खाली जाताना आधी एक कार्बन टेकतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी, तितका तुमचा हात जोरात पडला असे वाद्य समजते. या दोन्हींपैकी एकाच संपर्काची रेषा तुटली तर काही वाद्यांत पट्टी पूर्ण गप्प होते, तर काहींत ती वाजते पण हळू दाबा की जोरात, आवाज एकाच मापाचा येतो. "पट्ट्या वाजतात पण भाव येत नाही" अशी तक्रार घेऊन कुणी आला तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. त्याचे ऐकून बरोबर त्या रेषेपर्यंत जाता येते.

एक शंका उरते. बिघाड पट्ट्यांच्या बाजूला आहे की आवाज तयार करणाऱ्या भागात? १९८३ नंतरच्या बहुतेक वाद्यांना मिडीचे भोक असते, आणि आपल्याकडच्या प्रत्येक पार्टीत ऑक्टापॅड असतो. ऑक्टापॅडच्या मिडी आउटमधून कीबोर्डच्या मिडी इनमध्ये तार जोडा, दोन्हीकडे चॅनेल एकच ठेवा, आणि एका पॅडला बंद पट्टीचा नोट क्रमांक द्या. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर खालच्या टोकाची पांढरी एक म्हणजे ३६, मग आठ-आठच्या अंतराने ४४, ५२, ६० असे पुढे. पॅडवर काडी मारताच तो सूर वाजला, तर वाद्याचा जीव शाबूत आहे. दोष फक्त पट्ट्यांपासून मुख्य बोर्डापर्यंतच्या वाटेत आहे. ही चाचणी फुकट आहे आणि वाद्य उघडण्याआधी करता येते. ज्या कारागिराने ती न करता नवा बोर्ड सुचवला, त्याला ती करायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता वाद्य उघडू. वायर भिंतीतून काढलेली असावी आणि थोडा वेळ गेलेला असावा. जपानमधून आलेले १०० व्होल्टचे वाद्य थेट आपल्या विजेला जोडू नये, ही मागच्या भागातली सूचना इथेही लागू आहे. प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो काढा. कनेक्टरला लॉक आहे का ते भिंगाने पाहा. असेल तर आधी ते सैल करायचे, मग पट्टा सरळ रेषेत बाहेर. लॉक न पाहता ओढलेला पट्टा हा या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा तोटा आहे. काढलेल्या टोकाला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसा आणि परत बसवून पाहा. नुसत्या या साफसफाईने पट्ट्या परत बोलू लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

तेवढ्याने भागले नाही तर मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. मीटरच्या टोकांना शिवणाची सुई चिकटटेपने बांधली की बारीक रेषेवर नेम बसतो. मोजताना पट्टा हलकेच वाकवा. सरळ असताना बीप आणि वाकवल्यावर शांतता, म्हणजे तडा सापडला.

आणि इथे थांबा. सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पट्टा कशाचा आहे ते ओळखा, कारण पुढचे सगळे यावर ठरते. मधासारखा पिवळसर-तांबूस पारदर्शक पट्टा पॉलिइमाइडचा, आत खरे तांबे. याला आयर्नची उष्णता सोसते. पांढरा, टोकाला बहुधा निळी पट्टी चिकटवलेला पट्टा तांब्याच्या चपट्या तारांचा असतो, पण त्याचे वेष्टन पॉलिएस्टरचे. तिसरा प्रकार पारदर्शक किंवा दुधी प्लॅस्टिकवर राखाडी रेषांचा. त्या रेषा छापलेल्या चांदीच्या शाईच्या असतात. शिशाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि आयर्नचे टोक ३०० च्या पुढे असते. पॉलिएस्टर त्याच्या कितीतरी आधी आक्रसते. या तिसऱ्या प्रकाराला आयर्न लावला की तडा गेलेल्या एका रेषेसोबत शेजारच्या चांगल्या रेषाही जातात.

पांढरा पट्टा सांधत बसू नका, बदला. तो ठरावीक मापात तयार मिळतो. रेषा मोजा, लांबी मोजा, आणि दोन्ही टोकांचे संपर्क एकाच बाजूला आहेत की उलट बाजूंना ते पाहा. दोन रेषांमधले अंतर काढताना पहिल्या संपर्काच्या मध्यापासून शेवटच्या संपर्काच्या मध्यापर्यंत मोजा. रेषा २० असतील तर येणाऱ्या मापाला १९ ने भागा. ०.५, १ किंवा १.२५ मिलिमीटर यांपैकी काहीतरी निघेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली हे बाजार आहेतच, पण आधी घरातला बंद पडलेला प्रिंटर किंवा डीव्हीडी प्लेयर उघडून पाहा. त्यात असेच पट्टे असतात.

पिवळ्या पट्ट्याला जंपर मारायचा. तड्याच्या दोन्ही बाजूंना ब्लेडने वरचे आवरण दोन-तीन मिलिमीटर खरवडा, उघड्या तांब्याला फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ हात द्या, आणि इनॅमलची बारीक तार दोन्हीकडे आडवी टेकवून पटकन जोडा. काम सोपे वाटते आणि इथेच ते फसते. सोल्डर लागलेला भाग कडक होतो, आणि पट्टा पुढे त्या कडक भागाच्या काठावर तुटतो. म्हणून जोड वाकणाऱ्या जागी कधीच येऊ देऊ नका. तार लांब घ्या आणि वाकाच्या अलीकडे-पलीकडे जोडा, किंवा त्याहून चांगले म्हणजे पट्ट्याला हातच लावू नका. एका बोर्डावरच्या कनेक्टरच्या पायापासून दुसऱ्या बोर्डावरच्या पायापर्यंत सुटी मऊ तार टाका. माझे मत विचाराल तर जुन्या कीबोर्डसाठी हाच उपाय सर्वांत टिकाऊ. वाजवताना हा पट्टा हलायचा नसतोच, मग दिसायला थोडे ओबडधोबड झाले तरी काय बिघडले?

चांदीच्या शाईच्या पट्ट्याचा तडा अगदी टोकाशी असेल, सगळ्या रेषा सरळ समांतर असतील आणि पट्ट्यात ढील असेल, तर तडकलेला चार-पाच मिलिमीटरचा तुकडा सरळ कापून टाका. मागचा जाड आधार नव्या टोकाला चिकटवा आणि पट्टा परत बसवा. तडा मध्ये असेल तर वाहक चांदीचा रंग लागेल. मोटारीच्या मागच्या काचेवरच्या हीटरच्या रेषा दुरुस्त करायला मिळतो तसलाच. शेजारच्या रेषा टेपने झाका, दोन पातळ हात द्या आणि पूर्ण दिवस वाळू द्या. मीटरवर काही ओहम जास्त दिसले तर घाबरू नका. पट्टीखालचा कार्बन स्वतःच त्याहून कितीतरी जास्त अडथळा देतो आणि तरी वाद्य त्याला ओळखते. वीज पुरवणारी रेषा असेल तर मात्र हा रंग चालणार नाही, तिथे सुटी तारच हवी. फेविक्विकसारखे झटपट चिकटणारे काहीही इथे वापरू नका. ते कडक होते, आणि त्याची पांढरी वाफ संपर्कांवर बसते.

एक्सपी-८० वाल्यांसाठी वेगळी सूचना. रोलँडच्या नव्वदीतल्या काही वाद्यांत पट्ट्यांखालची वजने लाल गोंदाने चिकटवलेली आहेत. वर्षे उलटली की तो गोंद पातळ होऊन ओघळतो आणि उष्णतेत हे लवकर होते. त्याने संपर्क माखले की पट्ट्या चिकटतात, काही गप्प होतात, आणि दोष फ्लेक्सवर जातो. आठाचा नमुना निघत नसेल आणि आत लाल चिकटा दिसला, तर फ्लेक्स निर्दोष आहे.

आता हे काम करणार कोण? टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे जाण्यापेक्षा चांगल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे जा. नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईभोवती, ज्याच्या टेबलावर मायक्रोस्कोप आहे आणि जो रोज याहून बारीक रेषांना जंपर मारतो, त्याला हे अवघड नाही. त्याला वाद्याची माहिती नसते, एवढेच. म्हणून अख्खा कीबोर्ड त्याच्या पुढ्यात टाकू नका. फुल्यांचा कागद, ऑक्टापॅडच्या चाचणीचा निकाल आणि कोणती रेषा तुटली आहे ही माहिती घेऊन जा. तुमचे काम निदानाचे, त्याचे काम हाताचे.

ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. दुरुस्तीपलीकडे गेलेला कीबोर्ड भंगारात देण्याआधी त्यातला फ्लेक्स, रबरी पट्ट्या आणि कनेक्टर काढून घ्या, पिशवीवर वाद्याचे नाव लिहा आणि जपून ठेवा. त्याच जातीचे दुसरे वाद्य तुमच्या नाहीतर शेजारच्या तालुक्यातल्या पार्टीकडे असेल, आणि कंपनी जे देऊ शकत नाही ते तुम्ही देऊ शकाल. पुढच्या आठवड्यात रबरी संपर्क आणि कार्बन पाहू. तोवर आपापल्या कीबोर्डच्या बंद पट्ट्यांचा कागद तयार करून ठेवा, पुढच्या भागात तो लागणार आहे.