गोल होईनात, घाम मागच्यांचा!

महिना संपत आलाय. सेल्सवाल्यांचं टार्गेट लटकलंय. लातूरच्या डाळ मिलचं ऑफिस असो की नांदेडची औषधांची एजन्सी, पुढचं चित्र सेम! नवी ऑर्डर नाही म्हणून गोडाऊनमध्ये माल पडून, जुन्या उधारीसाठी अकाउंट्सवाले फोनला चिकटलेले आणि मॅनेजरला हेड ऑफिसचं बोलावणं. अडलंय पुढे, घाम गाळतायत मागचे.

फुटबॉलमध्येही हेच होतं राव! आपल्याच राज्यातल्या मुंबई सिटी एफसीचं बघा. २०१४ साली, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या सीझनमध्ये टीमने १४ मॅचमध्ये १२ गोल केले. त्यातले ५ पुण्याविरुद्धच्या एकाच मॅचमध्ये. म्हणजे उरलेल्या १३ मॅचमध्ये फक्त ७! आणि खाल्ले किती? २१. आठ टीममध्ये नंबर सातवा.

तुम्ही म्हणाल, गोल खाल्ले हा दोष डिफेन्सचा. जरा थांबा. फॉरवर्डच्या पायात बॉल टिकला नाही, की तो लगेच उलटा येतो. डिफेन्डरला दम खायला, जागा धरायला वेळच मिळत नाही. तासभर हेच चाललं, की पाय जड होतात आणि एक चूक होतेच. त्यात गोल हवाच म्हणून बॅकही पुढे पळतात. मागे मोकळं मैदान!

कोचची पंचाईत वेगळीच. पुढे माणूस वाढवला तर मागे भगदाड, मागे वाढवला तर गोल कोण करणार? शेवटी अख्खी टीम बदलण्यापेक्षा कोच बदलणं सोपं. पीटर रीड एका सीझननंतर गेले. २०१५ मध्ये स्ट्रायकर निकोलस अनेल्कालाच प्लेअर-मॅनेजर केलं. त्या वर्षी गोव्याने एकाच मॅचमध्ये ७ गोल चढवले!

मग आलं २०१६. कोच अलेक्झांडर गिमाराएस, पुढे उरुग्वेचा दिएगो फोर्लान. गोल झाले १६, म्हणजे २०१४ पेक्षा चारच जास्त. पण खाल्ले फक्त ८ आणि साखळीत टीम पहिली! सगळं क्रेडिट काही एकट्या फोर्लानचं नाही, कोच आणि बरेच प्लेअरही नवे होते. पण पुढे बॉल धरून ठेवणारा कुणी असला, की मागच्यांना श्वास मिळतो.

तेव्हा सोमवारच्या मीटिंगमध्ये अकाउंट्सवर खेकसण्याआधी एवढंच विचारा... पुढे बॉल सुटला कुठे?