पाण्यात बुडवलेले भिंग

तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली उतरलो तेव्हा मनगटाला दोरीने बांधलेले एक भिंग होते. रोजच्या वाचनातलेच. पन्नाशी उलटल्यावर जवळचे काही पाहायचे तर भिंग हवे, एवढा साधा हिशोब. सोबतच्या पाणबुड्याने खडकावरच्या एका ठिपक्याकडे बोट दाखवले. मी भिंग पुढे धरले. ठिपका होता तेवढाच राहिला. वर आल्यावर कळले, ती समुद्री गोगलगाय होती. मी मान डोलावली, पण पाहिले काहीच नव्हते.

आटगावला परतल्यावर पडवीत एका परातीत चार बोटे पाणी घेतले, तळाशी नाणे ठेवले आणि तेच भिंग पाण्यात बुडवले. नाणे जेमतेम फुगल्यासारखे दिसले. भिंग पाण्याबाहेर काढून वर धरले, तर नाण्यावरची अक्षरे लगेच मोठी झाली. दोष भिंगाचा नव्हता आणि डोळ्यांचाही नव्हता.

केळीच्या पानावरचा पावसाचा थेंब त्याखालची शीर मोठी करून दाखवतो. म्हणजे थेंब हे भिंगच. पण तेच पान पाण्यात बुडवले तर थेंब उरतच नाही, कारण पाण्यात पाणी वेगळे कसे दिसणार? काचेचे पाण्यात अगदी असे होत नाही, पण बरेचसे असेच होते. प्रकाश वाकतो तो काचेमुळे नव्हे, तर काच आणि तिच्या भोवतालचे माध्यम यांच्यातल्या फरकामुळे. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, साध्या काचेचा 1.52 च्या आसपास. हवेत काचेचा वरचढपणा 0.52 असतो. पाण्यात 1.52 ला 1.33 ने भागले की 1.14 येते, म्हणजे वरचढपणा उरतो 0.14. भिंगाची ताकद जवळजवळ पाव झाली. हवेत 10 सेंटिमीटरवर सूर्यकिरण एकत्र आणणारे भिंग पाण्यात ते 36 सेंटिमीटरच्या आसपास आणील. भिंग प्लॅस्टिकचे असेल तर 40 वर. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंगही पाण्यात जेमतेम पावणेतीनपट दाखवील.

आपल्या डोळ्याचीही हीच गत. डोळ्याची एकूण ताकद साधारण 60 डायॉप्टर, त्यातली 43 च्या आसपास एकट्या पारपटलाची. पारपटलाचा अपवर्तनांक 1.376, म्हणजे पाण्याला फारच जवळचा. पाण्यात डोळे उघडले की दोन तृतीयांश भिंग गळून पडते आणि सगळे धूसर होते. माशाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. शिजलेल्या बांगड्याच्या डोळ्यातून निघणारी पांढरी टणक गोळी सगळ्यांनी पाहिली असेल. ते माशाचे भिंग. आपल्यासारखे चपटे नाही, पूर्ण गोल, आणि मध्याकडे अधिकाधिक दाट होत गेलेले. माशाला पारपटलाच्या मदतीची गरजच नाही, सगळे काम ही गोळी करते. (शिजल्यावर ती पांढरी होते; जिवंतपणी पारदर्शक असते.)

थायलंडच्या किनाऱ्यावरच्या मोकेन मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांपेक्षा दुप्पट स्पष्ट दिसते, असे ॲना गिस्लेन यांनी 2003 मध्ये दाखवले. ही मुले बाहुली आवळून बारीक करतात आणि डोळ्याचे भिंग जोर लावून फुगवतात. पुढे युरोपीय मुलांनाही सरावाने हे जमले. मुलांना, हे महत्त्वाचे. चाळिशी लागली की ते भिंग ताठरते आणि फुगायला तयार होत नाही.

तोंडावरचा मास्क डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवतो, म्हणून पारपटल पुन्हा कामाला लागते. सपाट काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आणि तिसऱ्या हिश्शाने मोठी भासते. ऐकायला हे चांगले वाटते, पण चाळिशीवाल्याला ते उलटेच पडते. 40 सेंटिमीटरवरचा ठिपका त्याच्या डोळ्याला 30 वर येतो, आणि त्याला तर वस्तू लांब हवी असते! माझी तारकर्लीची फजिती ही अशी दुहेरी होती.

उपाय एकच, भिंगाला हवा परत द्यायची. मास्कच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात वाचनाच्या ताकदीची छोटी भिंगे चिकटवतात. किंवा सपाट काचेच्या हवाबंद डबीत भिंग बसवतात. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे कवच हेच करते. म्हणूनच बरेच जण पाण्यात नुसता फोटो काढतात आणि काय पाहिले ते वर येऊन शोधतात. आपण नेमके काय पाहत होतो हे नंतर कळण्याची परंपरा जुनी आहे. जेमतेम दोन सेंटिमीटरचा बटू समुद्रघोडा 1969 मध्ये न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबां यांना सापडला तो पाण्यात नव्हे. मत्स्यालयासाठी आणलेल्या समुद्रपंख्याचा तुकडा टेबलावर तपासताना तो दिसला. त्याच्या अंगावरच्या गाठी पंख्याच्या गाठींसारख्याच, शेजारून जाणाऱ्याला कसा दिसावा?

आपल्या किनाऱ्यावरही हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. 2020 मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरल्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या गेल्या, कारण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि ते तिथे असल्याचे आधी नोंदले गेले होते. त्याच खडकांवर हायड्रॉइडची झुडपे असतात, त्यांवर काटक्यांसारखे कॅप्रेला असतात, आणि शेवाळासारख्या दिसणाऱ्या ब्रायोझोआच्या चादरी असतात. त्यांची यादी कोणी केली तरच ते गेले असे म्हणता येईल. गोनिओब्रँकस बॉम्बेयानस या समुद्री गोगलगायीचे वर्णन 1946 मध्ये झाले. नावातच मुंबई, पण मुंबईत तिला ओळखणारे किती निघतील? 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे लोक ओहोटीला खडकांवर फेऱ्या काढतात, त्यामुळे परिस्थिती थोडी बदलली आहे.

आणि इथे भिंग पुन्हा कामाचे ठरते. ओहोटीच्या डबक्यात ते बुडवायचे नाही, वर हवेतच धरायचे. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. वाऱ्याने पाणी थरथरत असेल तर तळाला काच बसवलेला डबा पाण्यावर टेकवायचा आणि भिंग डब्यात धरायचे. मालवणच्या पाण्यात मात्र भिंगापेक्षा हात आवरणे मोठे. लहान जीव पाहायला जवळ जाताना माणूस खडकाला धरतो, आणि ज्याला धरतो ते प्रवाळ असू शकते.

आटगावात समुद्र नाही. पावसाळ्यात शेताच्या कडेच्या डबक्यातले पाणी मी काचेच्या ग्लासात घेतो आणि भिंग बाहेरून लावतो. टाचणीच्या डोक्याएवढा डॅफ्निया पारदर्शक असतो. तो क्षणभर स्थिरावला, की पाठीजवळ त्याचे हृदय धडधडताना दिसते.