मस्टरवरचा दहावा

भोसरी एमआयडीसीत 'हेल्पर पाहिजे', 'प्रेस ऑपरेटर पाहिजे' असे कागद गेटागेटावर चिकटवलेले दिसतात. पण आत जाऊन छोट्या कारखानदाराला कामगार किती असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच आकडा ऐकू येतो : नऊ. ऑर्डर वाढली तरी नऊ, दुसरी पाळी सुरू झाली तरी नऊ. हा आकडा कुठे ठरतो ते पाहायचं, तर लेबर कन्सल्टंटच्या ऑफिसात जाऊन बसायला हवं.

असंच एक दोन टेबलांचं ऑफिस. महिन्याची १२ तारीख. पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचं चलन १५ तारखेच्या आत भरायचं असतं, म्हणून फोन खाली ठेवायला उसंत नाही. टेबलामागच्या मॅडम पूर्वी एका मोठ्या कंपनीच्या टाइम ऑफिसला होत्या. आता आसपासच्या लहान कारखान्यांचे कागद त्या सांभाळतात. समोर हजेरीच्या मस्टरांची चळत आहे. त्या पानांना तेलाचा वास येतो. प्रेसवर जॉब लावताना बोटांना लागलेलं तेल सह्यांच्या रकान्यात उतरलेलं असतं, आणि मस्टर उघडलं की आधी तो वास येतो, मग नावं दिसतात.

नोंदणीसाठी नावं तपासणं हे इथलं सर्वांत चिवट काम. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं. कुणाची जन्मतारीख सरसकट १ जानेवारी. बिहारहून आलेल्या पोराचा ओटीपी गावाकडच्या भावाच्या मोबाइलवर जातो. मग भावाला फोन, तो शेतात, पुन्हा फोन. पोर्टलवर हिरवी खूण उमटेपर्यंत मॅडम पुढच्या नावाला हात लावत नाहीत.

मालकाच्या डोक्यात कायद्यांची नावं नसतात, माणसांचे आकडे असतात. पगारदार एक असला तरी व्यवसाय कराची नोंदणी. पाच झाले की कामगार कल्याण निधी. दहा झाले की ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीस झाले की पीएफ आणि बोनस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, तरी ईएसआयची दहाची आणि पीएफची वीसची पायरी जिथल्या तिथे आहे.

यातल्या काही कपाती खिशाला जाणवतही नाहीत. कल्याण निधीत कामगाराचे सहा महिन्यांना २५ रुपये आणि मालकाचे ७५. त्यातून मुलांच्या शिष्यवृत्त्या निघतात, कामगार कल्याण केंद्रं चालतात, कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला तोही नाही. हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांसाठी शहरातल्या पगारदारानं दिलेला तो हातभार होता. चलन भरणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगितलंय?

दुपारी एक कारखानदार आले. शीट मेटलचे छोटे भाग करतात, तीन पॉवर प्रेस आहेत. धंदा उभा केला तो मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून. त्यातल्या १५ ते ३५ टक्के अनुदानाचे नियम, कुणाला किती, शहरात किती, गावात किती, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ईएसआयचा विषय निघाला तसे ते सावरून बसले.

"मॅडम, आपण नऊच आहोत."

"मस्टर आणलंय ना शेठ? द्या इकडे."

मॅडमनी पेन्सिल घेतली. मस्टरवर नऊ नावं होती. "डिस्पॅच कोण बघतं?" बहिणीचा मुलगा. "पगार देता?" देतो. दहा. "आणि तो पॅकिंगला असतो तो?" तो ठेकेदाराचा. "तोही मोजायचा." अकरा. नऊ जणांतल्या डायसेटरला २४ हजार मिळतात. २१ हजारांच्या वर पगार म्हणून त्याची ईएसआयची वर्गणी कापायची नाही, पण डोकी मोजताना तो धरायचाच. नऊचा आकडा मालकांनी खोटेपणानं सांगितला नव्हता. मोजायचं कसं, हेच त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

पुढचा हिशेब एका चिठ्ठीवर झाला. वर्गणी बसणारे दहा जण, सरासरी पगार १५ हजार. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. म्हणजे मालकाचे महिन्याला ४,९०० रुपयांच्या आत आणि प्रत्येक कामगाराचे ११३. मालक चिठ्ठीकडे पाहत राहिले. "एवढ्यात एक हेल्पर आठ-दहा दिवस येतो," ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. बिलाचे पैसे तीन तीन महिने अडकतात, वीजबिल थांबत नाही, आणि पायरी चढताना सगळं ओझं एकदमच अंगावर येतं.

बाकड्यावर डाव्या हाताला जाड बँडेज बांधलेला दुसऱ्या एका कारखान्यातला ऑपरेटर बसला होता. प्रेसखाली दोन बोटं गेली होती. त्याची नोंदणी झालेली होती, म्हणून मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार सुरू होते, आणि मॅडमना त्याच्या अपघाताचा अहवाल भरायचा होता. कामावर अपघात झाला तर कामाचा पहिलाच दिवस असला तरी हक्क लागू होतो. बरं होऊन कामावर येईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्यानुसार निवृत्तिवेतनासारखे पैसे सुरू होतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के, बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण मजुरी. बायको-मुलं गावी राहत असतील, तर त्यांना तिकडचा दवाखाना निवडता येतो.

प्रेसवाल्या मालकांनी त्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि नऊच असते तर? कुणी दिलं असतं?"

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

नऊवर थांबण्याच्या धडपडीत नेमकं हेच नजरेआड राहतं. कामावरच्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून मालकावरच आहे. ईएसआयमध्ये असलेल्या कारखान्यात ती कर्मचारी राज्य विमा महामंडळ उचलतं, बाहेर राहिलेल्या कारखान्यात ती एकट्या मालकाच्या गळ्यात पडते. जिथे पॉवर प्रेस चालते, तिथे नऊ हा आकडा मालकाला सुरक्षित ठेवत नाही आणि कामगाराला तर नाहीच. नव्या संहितेत दहाच्या आतल्या कारखान्यालाही मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वतःहून आत येता येतं. म्हणजे दार नऊ जणांनाही उघडं आहे.

तरी दोष एकट्या मालकाला देता येत नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या लाभार्थ्याला उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्याच वर्गात एक कोरं मस्टर समोर ठेवून माणसं कशी मोजायची, कुठल्या आकड्याला काय भरायचं आणि त्या बदल्यात काय मिळतं, हे मराठीत तासभर शिकवलं, तर निम्मी भीती तिथेच जाईल. आज अनुदानाची फाइल जिल्हा उद्योग केंद्रात, विमा महामंडळाकडे, व्यवसाय कर जीएसटी विभागाकडे आणि कल्याण निधी कामगार कल्याण मंडळाकडे. या चौघांना जोडणारा दुवा म्हणजे महिन्याच्या १२ तारखेला फोन करणारी एक बाई.

मालकांची शेवटची शंका मागच्या बाकीची होती. गेल्या दिवाळीपासून अकरा जण असतील तर वर्गणी तेव्हापासून काढतील का? मॅडमनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. देणं तेव्हापासूनच धरलं जाऊ शकतं आणि उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज आहे, म्हणून दर महिन्याला थांबणं महागात पडतं, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. मालकांनी भाच्याला फोन लावला आणि सगळ्यांची आधार कार्डं घेऊन संध्याकाळपर्यंत यायला सांगितलं. "पॅकिंगवाल्याचंही आण," ते म्हणाले, "आणि घरच्यांची नावं विचारून घे त्याला."