तेल ज्वालक, बाष्पित्राचा
बाष्पित्राच्या भट्टीत इंधन तेलाचे सूक्ष्म थेंबांत रूपांतर करून, त्यात योग्य प्रमाणात हवा मिसळून ते स्थिर ज्योतीने जाळणाऱ्या साधनास तेल ज्वालक म्हणतात. नवा किंवा दुरुस्त केलेला ज्वालक प्रथम कार्यान्वित करणे आणि थंड बाष्पित्रात तो पेटविणे या दोन्ही क्रियांचा क्रम ठरलेला असतो. बाष्पित्राचा स्फोट म्हटले की, वाफेच्या दाबाने कवच फुटणे हेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. तेलावर चालणाऱ्या बाष्पित्रात मात्र वाफेचा दाब मुळीच नसतानाही, केवळ भट्टीत साचलेल्या तेलाच्या बाष्पामुळे स्फोट होऊ शकतो. ज्वालक पेटविण्याच्या क्रमातील जवळजवळ प्रत्येक पायरी हे बाष्प साचू न देण्यासाठी आहे [→ बाष्पित्र].

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे सूत गिरणी स्थापन केल्यानंतर परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्या वाढत गेल्या व त्यांच्याबरोबर बाष्पित्रांची धुराडीही. टाटांची जलविद्युत १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला मिळू लागल्यावर गिरण्यांतील वाफ एंजिने क्रमाने मागे पडली. परंतु ताण्याला खळ देणे, विरंजन, रंगाई व कापड वाळविणे यांसाठी वाफ लागतच राहिली. धुराच्या उपद्रवाला आळा घालणारा कायदा मुंबईत १९१२ मध्येच झाला होता. तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाल्यावर भट्टीचे तेल शहराच्या अगदी जवळ तयार होऊ लागले. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या. आता शहरात नळाने येणारा नैसर्गिक वायूही उपलब्ध आहे. तथापि प्रज्वलनाची पुढे दिलेली मूलतत्त्वे वायूच्या ज्वालकालाही लागू पडतात.

भट्टीचे तेल घट्ट असते. त्याच्या एका प्रचलित प्रतीची श्यानता ५०° से.ला १८० सेंटिस्टोकपर्यंत असते. नीट कणीकरण होण्यासाठी ती सु. १५ ते २५ सेंटिस्टोकपर्यंत उतरवावी लागते व त्याकरिता तेल सु. १००° ते १२०° से.पर्यंत तापवितात. बॉम्बे हाय क्षेत्राच्या खनिज तेलापासून मिळणारे कमी गंधकाचे जड तेल मेणयुक्त असल्याने सामान्य तापमानाला थिजते. ते टाकीत व नळांतही उष्ण ठेवावे लागते. तेल पुरेसे तापले नाही तर थेंब मोठे राहतात, ते भट्टीच्या विटांवर आदळून काजळी धरते आणि धुराड्यातून काळा धूर निघतो. फार तापले तर ज्वालकाच्या तोंडाशीच त्यातून बाष्प सुटून ज्योत फडफडते. तेलातील पाण्यानेही हेच होते. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी जमते. म्हणून लांब सुटीनंतर तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकल्याशिवाय पंप सुरू करू नये.

प्रथम कार्यान्वयनाच्या वेळी तेलाचे नळ आतून स्वच्छ करून गळतीसाठी तपासतात. उच्चतापसह विटांचे नवे अस्तर मंद आचेवर वाळवितात. घाई केल्यास अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन अस्तराला भेगा पडतात. बाष्पित्राच्या आतील तेलकट थर अल्कधर्मी विद्रावाने उकळून काढतात. यानंतर तेल बंद ठेवूनच संरक्षक साधने एकेक करून तपासावयाची असतात : पाण्याची पातळी मुद्दाम खाली आणून, पंखा थांबवून, ज्योत ओळखणारा प्रकाशविद्युत घट झाकून प्रत्येक वेळी तेलाची झडप आपोआप बंद होते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. नुसता दिवा लागला म्हणजे साधन चालते, असे मानणे धोक्याचे आहे.

पेटविण्यापूर्वी पाण्याची पातळी, हवा निघून जाण्याची तोटी, तेलाचे तापमान व दाब पाहून धूरमार्गाची झडप पूर्ण उघडतात आणि पंख्याने भट्टी झाडून घेतात. भट्टी व धूरमार्ग यांच्या एकूण घनफळाच्या निदान चार-पाच पट हवा आरपार जाणे आवश्यक असते. जलनलिका बाष्पित्रांत याहून अधिक. ही मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात, पण पुढील हिशेब लक्षात घ्यावा. १ लि. तेल पूर्ण जळण्यास सु. १० घ.मी. हवा लागते. जुन्या लँकाशर बाष्पित्रातील सु. ९ मी. लांब व १ मी. व्यासाच्या एका अग्निनळीचे घनफळ ७ घ.मी.च्या आसपास भरते. म्हणजे लिटरभरही न जळलेले तेल बाष्परूप झाले, तर अशी संपूर्ण नळी स्फोटक मिश्रणाने भरू शकते व मग एक ठिणगी पुरते.

झाडून झाल्यावर हवा कमी करून प्रथम वायूची किंवा हलक्या तेलाची मार्गदर्शक ज्योत पेटवितात. ती स्थिर झाल्यावरच मुख्य तेल अल्प प्रमाणात सोडतात. साधारणतः ५ ते १० सेकंदांत मुख्य ज्योत घटाला दिसली नाही, तर नियंत्रक तेल तोडतो व हाताने पूर्ववत केल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. या अवस्थेला कामगार लॉकआउट म्हणतात. खरा धोका येथून पुढे असतो. खात्यातून वाफेची मागणी होत असते, पाळी सुरू झालेली असते, आणि अटेंडंट बटण पुन्हा पुन्हा दाबतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचे तेल तापलेल्या विटांवर साचत जाते. म्हणून ज्योत न धरल्यास तेल हातानेही बंद करून, कारण शोधून, भट्टी पुन्हा पूर्णपणे झाडल्याखेरीज दुसरा प्रयत्न करू नये. घटाला बगल देऊन ज्वालक चालविणे किंवा लाल झालेल्या विटांवर तेल सोडून ते पेटविणे सर्वथा वर्ज्य होय. बघण्याच्या काचेसमोर तोंड धरून उभे राहू नये, बाजूने पाहावे.

ज्योत स्थिरावल्यावर हवा जरुरीपेक्षा सु. १५–२० टक्के अधिक राहील अशी जुळणी करतात; आच वाढविताना आधी हवा व मग तेल, कमी करताना आधी तेल व मग हवा, हा नियम आहे. थंड लँकाशर बाष्पित्रात पाण्याचे अभिसरण मंद असल्याने वरचा भाग तापला तरी तळ थंड राहतो आणि असमान प्रसरणाने सांधे गळू लागतात. तो दाबावर आणण्यास बरेच तास द्यावे लागतात.

१९२३ च्या भारतीय बाष्पित्र अधिनियमाची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे. नोंदणी, निरीक्षकाचे प्रमाणपत्र व प्रमाणित अटेंडंट या अटी कायम आहेत. मात्र निरीक्षणाचा मुख्य भर दाब सहन करणाऱ्या भागांवर असतो. ज्वालकाची रोजची शिस्त कारखान्यालाच सांभाळावी लागते.

बंद करताना आच कमीत कमी करून तेल तोडतात व पंखा आणखी काही मिनिटे चालू ठेवतात. त्यानंतर ज्वालकाजवळची हातझडपही बंद करावी. स्वयंचलित झडपेच्या बैठकीत कचरा अडकल्यास रात्रभर थेंब थेंब तेल गळते आणि सकाळी येणाऱ्या अटेंडंटला ते बाहेरून दिसत नाही.