ट्रॅक्टर एका अंगाला का ओढतो?

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडले दोन असतात. डावे डाव्या चाकाचे, उजवे उजव्या चाकाचे. शेतात वळताना एकच दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही खिट्टीने जोडावीत. जोडूनही एकच चाक धरले, तर ट्रॅक्टर त्या अंगाला ओढतो. मागे भरलेली ट्रॉली असली, तर उलटायला वेळ लागत नाही.

लोक ओढणाऱ्या चाकाला दोष देतात. ते तर बिचारे काम करते! दोष बहुधा दुसऱ्या चाकात असतो.

तो हुडकावा कसा? ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा. चाकांना दगड लावा. खिट्टी काढून एकेक पेडल दाबा. एखादे मऊ लागते आणि दोन-चार वेळा दाबल्यावर घट्ट होते का? मग त्याच्या नळीत हवा शिरली आहे. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. मिस्त्रीकडून हवा काढून घ्या. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते का? मग तेल झिरपते आहे, नाहीतर आतले रबर गेले आहे. पेडल घट्ट, तरी चाक धरीत नाही? मग लायनर झिजले असेल, किंवा त्यावर तेल आले असेल.

डबीत नुसते तेल ओतत बसू नका. भलत्या तेलाने रबर फुगते. कोणते तेल घालावे, ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात छापलेले असते. आता वाचता येतेच की. तेवढे पान काढून बघा.