नेव्हिल डिसूझा : चार गोल आणि दोन मिनिटं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सिरोंच्यात 'स्ट्रायकर' म्हटलं की आधी कॅरम डोळ्यांसमोर येतो. दुसरा स्ट्रायकर, म्हणजे फुटबॉलमधला, मला परवा भेटला. धान कापून झालेल्या बांधीत मुलं खेळत होती. गोलखांबांच्या जागी विटा, पाय उघडे आणि एकाच्या अंगात मेस्सीच्या नावाचा सदरा. आपल्या देशाचा कोण माहीत आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, "छेत्री." त्याच्या आधी कोण? सगळी गप्प. तेव्हा मी त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज आपल्यालाही सांगणार आहे.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म १९३२चा, गोव्यात बारदेशातल्या आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि १९६१च्या डिसेंबरपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे १९५६ साली नेव्हिल भारताचा सदरा घालून ऑलिम्पिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांचं जन्मगाव भारतात नव्हतं! पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोवेकरांची तेव्हा मोठी वस्ती मुंबईत होती, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलही तिथे नांदत होता. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. फुटबॉलवर घर चालावं असा तो काळ नव्हता. कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि उरलेल्या वेळात ते मैदान गाजवत.

आता स्ट्रायकर म्हणजे काय? मराठीत आपण आघाडीवीर म्हणतो, पण त्यात वीरश्री फार आणि अर्थ थोडा. या माणसाचं बरंचसं काम वाट पाहण्याचं असतं. नव्वद मिनिटांतला बराच वेळ चेंडू त्याच्याकडे नसतोच. समोरचा बचावपटू कधी एक पाऊल चुकेल यावर डोळा ठेवून राहायचं आणि ते पाऊल चुकलं की उशीर करायचा नाही. नऊ वेळा हुकलं तरी दहाव्यांदा तिथे हजर राहायचं. मी कविता लिहितो, त्यामुळे ही नोकरी मला ओळखीची वाटते, एवढंच बोलून पुढे जातो.

भारतीय संघ तेव्हा घडवत होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. प्राणहिता ओलांडली की पलीकडे एके काळी निजामाचा मुलूख होता. माझे मामू हैदराबादला असत, त्यामुळे 'रहीमसाब' हे नाव आमच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेलं. मूळचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. चेंडू पायाशी रेंगाळू द्यायचा नाही आणि दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, यावर त्यांचा भर असे. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' हा सिनेमा आला, त्यामुळे रहीमसाब पुन्हा थोडे ठाऊक झाले.

१९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा गोल मारले होते आणि आपला एक. त्या संघातले बरेच जण अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकला संघ गेला तो बूट घालूनच. पहिली लढत हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि आपण न खेळताच पुढे गेलो. नशीब होतं, हे मान्य करावं. पुढचं मात्र नशिबाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

१ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. नेव्हिल यांचे गोल नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला. मधल्या काळात ब्रूस मॉरोने दोनदा बरोबरी साधली होती, म्हणजे ही काही एकतर्फी मौज नव्हती. चौथा गोल कृष्णा किट्टूचा. ४-२. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ. ऑलिम्पिक संपल्यावर सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा आपण ७-१ असं हरवलं. पहिला विजय योगायोगाचा होता, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर काय द्यायचं?

४ डिसेंबरला उपांत्य फेरी, आणि समोर तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत ०-०. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत पुढे गेला! चोपन्नाव्या मिनिटाला पापेचने बरोबरी केली, सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविच, पासष्टाव्याला पुन्हा पापेच, आणि शेवटी एक गोल आपल्याच खेळाडूकडून आपल्या जाळ्यात गेला. १-४. ऑलिम्पिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर भारत उभा होता तो वेळ एवढाच, दोन मिनिटांचा. मी तो सामना पाहिलेला नाही. माझा जन्मही तेव्हा झाला नव्हता. पण त्या दोन मिनिटांत कप्तान बद्रू बॅनर्जी आणि बाकीचे नऊ जण एकमेकांकडे कसे पाहत असतील, हा विचार मनातून जात नाही.

कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ०-३ हरवलं. भारत चौथा. आपल्या देशात चौथ्याची आठवण राहत नाही. मिल्खासिंग यांची राहिली, कारण ते दुःख त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. नेव्हिल यांचे चार गोल झाले होते. त्या ऑलिम्पिकमध्ये त्याहून जास्त कुणाचेच नव्हते. बल्गेरियाचा मिलानोव आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच त्यांच्या बरोबरीला होते. या दोघांचेही संघ पदक घेऊन परतले.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलमधला पहिला मिळाला मेलबर्नमधलेच त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांना, आणि तो योग्यच होता. नेव्हिल यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही. मला वाटतं, ही नुसती विसरभोळी चूक नाही. ते ना कोलकात्याच्या मोठ्या क्लबचे, ना हैदराबादच्या पोलीस संघाचे. फुटबॉलची आठवण जपणाऱ्या शहरांत त्यांच्या नावाने टाळ्या वाजवणारा मोहल्ला नव्हता. १९८० साली ते गेले, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

मुलांनी सगळं ऐकून घेतलं. सदरेवाला म्हणाला, "चाचा, दोन मिनिटं आपण पुढे होतो?" मी हो म्हटलं. मग त्यांना युगोस्लाव्हिया कुठे आहे ते हवं होतं. तो देश आता नकाशावर नाही, हे सांगताना मात्र माझीच पंचाईत झाली.