बसल्या जागेवरूनही पेढी चालते

पाठीच्या कण्याला दुखापत होते ती एका क्षणात. घराची घडी मात्र वर्षानुवर्षे विस्कटलेली राहते. कालपर्यंत सकाळी गोदाम उघडणारा, भाव ठरवणारा, उधारी वसूल करणारा कर्ता मुलगा चाकाच्या खुर्चीवर येतो आणि घरातील वडीलधारी मंडळी प्रेमापोटीच म्हणतात, “तू आता आराम कर. पेढीचे आम्ही पाहतो.” या एका वाक्याने त्याचा भार हलका होत नाही, त्याचे स्थान मात्र हिरावले जाते.

मज्जारज्जूला इजा झाली की तिच्या खालच्या भागातील हालचाल व संवेदना कमी होते किंवा लोपते. हिशेबाची जाण आणि माणसांची पारख त्यामुळे जात नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार अशा व्यक्तींमधील बेरोजगारी जगभर ६० टक्क्यांहून अधिक आहे. जिने, प्रवास, गैरसोयीची स्वच्छतागृहे आणि इतरांची दृष्टी, हे त्यातील खरे अडसर होत.

१९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचे जलतरण सुवर्णपदक विजेते झाले आणि पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीही करीत राहिले. आज तर जिना आणि प्रवास हे दोन अडसर संगणकाने बरेच दूर केले आहेत. टॅलीतील नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, मालाच्या ऑर्डरी, ग्राहकांशी दूरध्वनीवरील बोलणी ही सारी कामे घरून होतात. हातांत बळ नसेल तर संगणक मराठीत बोललेले टंकित करतो; मानेच्या हालचालीने चालणारे माउसही उपलब्ध आहेत.

नोकरी शोधणाऱ्याने प्रथम दिव्यांगांचे स्वावलंबन कार्ड काढावे आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळावर नाव नोंदवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण ठेवले आहे.

काम देणाऱ्यानेही काही गोष्टी समजून घ्याव्यात. एकाच स्थितीत फार वेळ बसल्यास दाबाने जखमा होतात. म्हणून थोड्या थोड्या वेळाने शरीराचा भार हलवावा लागतो. मूत्रविसर्जनाचे वेळापत्रकही पाळावे लागते. तेव्हा तास मोजण्यापेक्षा काम मोजावे. आणि वेतन कामाच्या मोलाने द्यावे, दयेच्या मापाने नव्हे.

आपल्या समाजात दानाचा हात कधी आखडला नाही. खुर्ची, औषधे, शस्त्रक्रिया यांसाठी आपण मुक्तहस्ते देतो. परंतु दान घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट पाहावी लागते. काम मिळालेला माणूस स्वतः देणारा होतो. येत्या वहीपूजनाला घरातील किंवा नात्यातील अशा एखाद्या बांधवाला, भगिनीला नव्या वर्षाचा हिशेब सोपवून पाहा. वही त्यांच्या हाती परत येईल, त्याच दिवशी त्यांचे घरातील स्थानही परत येईल.